मर्यादा लावूनही कॉल अडखळतात : येणाऱ्या आणि जाणाऱ्या बँडविड्थवरील नियंत्रण पुन्हा पुन्हा का सुटते

लहान कार्यालयांतून एक तक्रार वारंवार ऐकू येते. फायबरची एकच जोडणी असते, तिच्यामागे लिनक्सचे गेटवे यंत्र (सगळी वाहतूक ज्यातून जाते ते) असते, आणि त्यामागे दहा-वीस संगणक, मोबाइल, सीसीटीव्ही आणि ठरलेल्या वेळी सुरू होणारा क्लाउड बॅकअप अशी सगळी मंडळी असतात. बॅकअप सुरू झाला की व्हिडिओ कॉलमधला आवाज तुटतो, ऑनलाइन भरणा करायचे पान उघडत नाही, आणि तरीही स्पीड टेस्टमध्ये आकडा चांगला दिसतो. मग कोणीतरी बॅकअपवर किंवा संपूर्ण जोडणीवर वेगमर्यादा लावते. काही दिवस सारे सुरळीत चालते आणि एके दिवशी तीच तक्रार पुन्हा उभी राहते. हे लेखन त्या ‘पुन्हा’विषयी आहे. मर्यादा कशी लावावी हे अनेक ठिकाणी सांगितलेले असते. लावलेली मर्यादा प्रत्यक्षात लागू आहे का, ती योग्य जागी आहे का, आणि ती टिकते का, हे मात्र क्वचितच तपासले जाते.

आधी रांग कुठे साचते ते पाहावे

कोणतीही मर्यादा लावण्यापूर्वी एक साधी चाचणी करावी. वायरने जोडलेल्या एका संगणकावरून सेवा पुरवठादाराच्या पहिल्या टप्प्यावरील पत्त्याला सलग पिंग (उत्तर मागणारा छोटा संदेश) सुरू ठेवावा आणि जोडणी मोकळी असताना उत्तराला किती मिलिसेकंद लागतात ते टिपून घ्यावे. त्यानंतर पिंग चालू असतानाच केवळ अपलोडचा भार टाकावा, आणि तो थांबवून केवळ डाउनलोडचा भार टाकावा. बाहेर स्वतःचा सर्व्हर असेल तर आयपर्फ३ या साधनाने दोन्ही दिशा वेगवेगळ्या तपासता येतात, कारण त्यात उलट दिशेने डेटा मागवण्याचा पर्याय आहे. मोकळ्या वेळी १० मिलिसेकंद असलेला पिंग अपलोडच्या भाराखाली ४०० मिलिसेकंदांवर जात असेल, तर जाणाऱ्या बाजूला रांग साचते आहे. भार असूनही पिंग स्थिर राहत असेल आणि केवळ वेग कमी वाटत असेल, तर दुखणे वेगळे आहे आणि पुढील उपायांनी ते बरे होणार नाही. वायफायवर पिंग बिघडतो पण वायरवर बिघडत नाही, असे आढळल्यास अडचण रेडिओच्या बाजूला आहे, आणि गेटवेवर कितीही काटेकोर मर्यादा लावली तरी तिचा तेथे उपयोग नाही.

रांगेचे गणित समजून घेतले की पुढचे निर्णय सोपे होतात. मोडेममध्ये २५६ किलोबाइटांचा बफर (पॅकेटे, म्हणजे डेटाचे तुकडे, तात्पुरते साठवण्याची जागा) असेल आणि अपलोड १ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) असेल, तर तो बफर भरल्यावर शेवटच्या पॅकेटला बाहेर पडायला सुमारे दोन सेकंद लागतात. तोच बफर २० एमबीपीएसच्या जोडणीवर साधारण १०० मिलिसेकंदांत रिकामा होतो. बॅकअपला या उशिराने काहीच फरक पडत नाही, पण त्याच रांगेत मागे उभ्या असलेल्या आवाजाच्या पॅकेटचा मात्र जीव जातो. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास या दुखण्याला बफरब्लोट असे नाव दिले. अपलोड तुंबल्याने डाउनलोडही मंदावते, याचे कारणही हेच आहे. टीसीपी या डेटा वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये मिळालेल्या साधारण दर दोन पूर्ण पॅकेटांमागे एक छोटी पोच उलट पाठवावी लागते, आणि त्या पोचांना डाउनलोडच्या वेगाच्या साधारण दोन ते तीन टक्के इतकी अपलोड क्षमता लागते. ती पोच बॅकअपच्या रांगेत अडकली की समोरचा सर्व्हर पुढचा डेटा पाठवण्यासाठी थांबून राहतो. म्हणून ‘डाउनलोड संथ आहे’ अशी तक्रार आली तरी प्रथम अपलोड तपासावे, असे माझे ठाम मत आहे.

जाणारी बाजू आपल्या हातात, येणारी नाही

येथेच बहुतेकांची समजूत अपुरी राहते. जाणारे पॅकेट आपल्या यंत्रातून बाहेर पडते, त्यामुळे त्याला थांबवणे, रांगेत लावणे, कोणाला आधी सोडायचे ते ठरवणे आपल्याला शक्य असते. येणारे पॅकेट आपल्यापर्यंत पोहोचते तेव्हा ते अरुंद जोडणी आधीच ओलांडून आलेले असते. त्याची रांग पुरवठादाराच्या उपकरणात साचते, आपल्याकडे नाही. लिनक्सच्या इन्ग्रेस (येणाऱ्या बाजूच्या) क्यूडिसला, म्हणजे पॅकेटांची रांग सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, म्हणूनच रांग लावता येत नाही. मर्यादेपलीकडचे पॅकेट टाकून देणे एवढेच ती करू शकते, आणि या पद्धतीला पोलिसिंग म्हणतात. सावकाश सोडणे, म्हणजे शेपिंग, येणाऱ्या बाजूलाही हवे असेल तर आयएफबी नावाचे आभासी उपकरण उभे करून येणारी पॅकेटे मिरर्ड या क्रियेने त्याच्याकडे वळवावी लागतात आणि त्या उपकरणाच्या जाणाऱ्या बाजूवर मर्यादा लावावी लागते.

तरीही आयएफबीवर पॅकेट थांबवून पुरवठादाराकडची रांग थेट कमी होत नाही. आपण पॅकेट रोखतो किंवा टाकतो, ते पाठवणाऱ्याच्या लक्षात येते, आणि तो वेग कमी करतो. परिणाम घडतो तो असा वळसा घेऊन. यासाठी आपली मर्यादा जोडणीच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी खाली असणे अत्यावश्यक आहे. जाणाऱ्या बाजूला मोजलेल्या वेगाच्या ९० ते ९५ टक्के आणि येणाऱ्या बाजूला ८५ ते ९० टक्के हा सुरुवातीचा अंदाज बरा ठरतो. योजनेच्या पत्रकावर छापलेला आकडा येथे वापरू नये. गर्दीच्या वेळी, म्हणजे रात्री आठ-नऊच्या सुमारास, प्रत्यक्ष मोजलेला कमीत कमी वेग धरावा. अपलोड २० एमबीपीएस मोजला गेला तर १८ची मर्यादा लावावी. त्या दोन एमबीपीएसचा त्याग अनेकांना जड जातो आणि ते मर्यादा २०वरच ठेवतात. मग रांग मोडेममध्येच साचत राहते आणि लावलेली व्यवस्था कधी कामालाच येत नाही.

मर्यादा दिसते, पण लागू होत नाही

आता मुख्य भाग. नियम लिहिलेला आहे, आज्ञेने चूक दाखवलेली नाही, आणि तरीही वेग हवा तसा बांधला जात नाही, तेव्हा पुढील गोष्टी मी या क्रमाने पाहतो.

सर्वांत आधी एकके. लिनक्सच्या टीसी या वाहतूक-नियंत्रणाच्या साधनात ‘केबिट’ म्हणजे सेकंदाला किलोबिट, परंतु ‘केबीपीएस’ म्हणजे सेकंदाला किलोबाइट. इतरत्र सर्वत्र केबीपीएसचा अर्थ किलोबिट असा रुळलेला असल्याने येथे मर्यादा नकळत आठपट सैल लागते, आणि आठपट सैल मर्यादा ही मर्यादा नसल्यासारखीच असते. बॅकअपच्या आणि फाइल हलवण्याच्या साधनांतही हाच घोळ आहे. आरसिंकच्या बँडविड्थ मर्यादेला नुसते ५१२ दिले तर ते १०२४ बाइटांच्या एककात मोजले जाते, म्हणजे जवळपास ४.२ एमबीपीएस होतात. एससीपीच्या ‘एल’ पर्यायाला ५१२ दिले तर ते ५१२ किलोबिट असतात. आणि डब्ल्यूगेटच्या लिमिट-रेटला एकक न जोडता ५१२ दिले तर ते सेकंदाला केवळ ५१२ बाइट होतात, ज्यामुळे डाउनलोड बंद पडल्यासारखे वाटते. एका साधनातून दुसऱ्यात आकडा उचलून ठेवण्यापूर्वी एकक कागदावर लिहून घ्यावे.

यानंतर तक्रार ‘परत’ येण्याचे सर्वांत मोठे कारण येते. अनेक फायबर जोडण्या पीपीपीओईवर (नाव-पासवर्ड देऊन सत्र जोडण्याच्या पद्धतीवर) चालतात. पुरवठादाराकडून सत्र तुटून पुन्हा जोडले गेले की पीपीपी इंटरफेस नष्ट होऊन नव्याने तयार होतो, आणि जुन्या इंटरफेसवर लावलेली प्रत्येक क्यूडिस, प्रत्येक फिल्टर (पॅकेटे निवडणारा नियम) त्याच्याबरोबर नाहीसा होतो. सत्र कधी रात्री तुटते, कधी वीज गेल्यावर तुटते. कोणाच्याही लक्षात येत नाही, इंटरनेट चालू राहते, फक्त मर्यादा गेलेली असते. यंत्र सुरू होताना एकदाच चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये नियम लिहिले असतील तर हे घडणारच. डेबियन आणि उबंटूवर पीपीपीच्या ‘आयपी-अप’ निर्देशिकेत स्क्रिप्ट ठेवली की प्रत्येक नव्या जोडणीनंतर ती आपोआप चालते. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्सवर रांग सांभाळणारे एसक्यूएमचे पॅकेज वापरले तर ते इंटरफेस उभा राहिल्याची सूचना स्वतःच पकडते, म्हणून तेथे हाताने लिहिलेल्या नियमांपेक्षा ते पॅकेजच वापरावे.

स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा चालवली तरी तिचा परिणाम एकच राहील अशा रीतीने ती लिहायला हवी. तिने प्रथम जुनी रूट क्यूडिस आणि इन्ग्रेस क्यूडिस काढून टाकावी, आणि मगच नव्या लावाव्यात. अन्यथा ‘फाइल एक्झिस्ट्स’ अशी चूक येऊन अर्धे नियम जुने आणि अर्धे नवे अशी अवस्था होते. आयएफबी उपकरण तयार केल्यावर ते ‘अप’ करणेही विसरू नये. ते बंद असताना पॅकेटे त्याच्याकडे वळवली गेली तर ती टाकून दिली जातात, डाउनलोड पूर्णपणे थांबते, आणि कर्नलच्या नोंदीत ‘मिरर्ड टू ह्यूस्टन’ असा संदेश उमटतो. हा शब्दप्रयोग पाहून गोंधळून जाऊ नये; उपकरण बंद आहे एवढेच तो सांगत असतो.

एचटीबी (वाहतुकीचे वर्ग करून प्रत्येकाला वेग देणारी क्यूडिस) वापरणाऱ्यांनी ‘डिफॉल्ट’ हा पर्याय जरूर पाहावा. तो दिलेला नसेल तर त्याचे मूल्य शून्य असते, आणि कोणत्याही वर्गात न बसणारी पॅकेटे मर्यादेशिवाय थेट बाहेर सोडली जातात. आकडेवारीसह क्यूडिस दाखवायला सांगितल्यावर ‘डायरेक्ट पॅकेट्स स्टॅट’ हा आकडा सतत वाढताना दिसला, तर वाहतूक वर्गांना वळसा घालून जात आहे हे निश्चित समजावे. त्याच्याशी जोडलेली एक चूक भारतात विशेष महत्त्वाची आहे. फिल्टरमध्ये ‘प्रोटोकॉल आयपी’ लिहिले असेल तर तो फक्त आयपीव्ही४ची पॅकेटे पकडतो. आपल्याकडे अनेक पुरवठादार आयपीव्ही६ देतात आणि मोठ्या क्लाउड सेवा ते आवर्जून वापरतात, त्यामुळे ज्या बॅकअपसाठी एवढा खटाटोप केला तोच आयपीव्ही६वरून मोकळा निघून जातो. आयएफबीकडे वळवणाऱ्या फिल्टरमध्ये ‘प्रोटोकॉल ऑल’ लिहिणे हा सरळ उपाय आहे.

प्रत्येक संगणकाला वेगळी मर्यादा द्यायची असेल तर नॅट, म्हणजे गेटवेवरील पत्ताबदल, आडवे येते. बाहेरच्या इंटरफेसवरून पॅकेट जाते तेव्हा त्याचा मूळ खासगी पत्ता बदलून सार्वजनिक पत्ता लागलेला असतो. आणि येणारे पॅकेट इन्ग्रेसवर दिसते तेव्हा नॅटने ते अजून आतल्या पत्त्याकडे वळवलेले नसते. दोन्ही बाजूंनी सर्व संगणक एकच दिसतात, म्हणून १९२.१६८ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर बांधलेला फिल्टर बाहेरच्या इंटरफेसवर कधीच लागत नाही. याच कारणाने नेटफिल्टरच्या (लिनक्सच्या फायरवॉलच्या) नियमांनी पॅकेटवर केलेली खूणही आयएफबीवर उपलब्ध नसते, कारण इन्ग्रेसचा टप्पा त्या नियमांच्या आधी येतो. खूण हवीच असेल तर जोडणीवर साठवलेली खूण ‘कॉनमार्क’ क्रियेने परत आणावी लागते. आतली एकच लॅन असेल तर त्याहून सोपा मार्ग म्हणजे डाउनलोडची मर्यादा लॅनच्या इंटरफेसवर, त्याच्या जाणाऱ्या बाजूला लावणे. तेथे पत्ते खरे दिसतात आणि आयएफबीचीही गरज उरत नाही.

काही वेळा नियमांत काहीही चूक नसते आणि वाहतूक मुळात गेटवेतून जातच नसते. पुरवठादाराने दिलेल्या फायबरच्या डब्यात स्वतःचे वायफाय असते आणि कर्मचाऱ्यांचे मोबाइल त्यावर जोडलेले असतात. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर बसवणाऱ्याने जवळ पडते म्हणून तार थेट त्याच डब्याला लावलेली असते. ही उपकरणे आपल्या मर्यादेच्या बाहेर राहून तीच जोडणी वापरतात, आणि आपल्या १८ एमबीपीएसच्या हिशोबात त्यांचा समावेश नसतो. त्या डब्याचे वायफाय बंद करावे, शक्य असेल तर पुरवठादाराकडून तो ब्रिज मोडमध्ये (वाहतूक फक्त पुढे सोडणाऱ्या स्थितीत) करून घ्यावा, आणि गेटवेकडे जाणारी एक तार सोडून त्याच्या बाकीच्या पोर्टांतील सर्व तारा काढाव्यात. आज्ञांमध्ये तासन्‌तास डोके घालण्याआधी तारा प्रत्यक्ष जाऊन पाहाव्यात, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

घरगुती राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी असेल तर हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग बंद करणेही आवश्यक आहे. ही सोय एकदा जुळलेली जोडणी थेट चिपकडे सोपवते आणि ती पॅकेटे नंतर क्यूडिसपर्यंत येतच नाहीत. त्यामुळे स्पीड टेस्टच्या पहिल्या क्षणी मर्यादा दिसते आणि लगेच नाहीशी होते. ती बंद केल्यावर साऱ्या पॅकेटांचे काम प्रोसेसरवर येते. भार असताना सॉफ्टआयआरक्यूचा (पॅकेटे हाताळण्याच्या कामाचा) हिस्सा एका गाभ्यावर १०० टक्क्यांना टेकत असेल, तर वेग मर्यादेमुळे नव्हे तर राउटर थकल्यामुळे कमी झालेला आहे, आणि तेथे अधिक सक्षम उपकरणाला पर्याय नाही.

उलट तक्रारही असते : १० एमबीपीएस लावले आणि ६च मिळतात. टीबीएफ (साधी वेगमर्यादा लावणारी क्यूडिस) वापरत असल्यास बर्स्टचा (एका झटक्यात सोडता येणाऱ्या डेटाचा) आकडा फार लहान आहे का ते पाहावे. त्याच्या मार्गदर्शिकेतच म्हटले आहे की इंटेलच्या यंत्रावर १० एमबीपीएस गाठायचे तर किमान १० किलोबाइटांचा बफर, म्हणजे बर्स्ट, लागतो. नुसते पोलिसिंग लावले असेल तरीही असेच होते, कारण टीसीपी प्रत्येक हरवलेल्या पॅकेटनंतर वेग पुष्कळ खाली आणतो आणि पुन्हा हळूहळू चढवतो.

माझी निवड

आज नव्याने बसवायचे असेल तर मी हाताने वर्ग आणि फिल्टर बांधत नाही. केक ही क्यूडिस वापरतो. ती २०१८मध्ये लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीपासून मूळ कर्नलमध्ये आली. तिच्या आधीची एफक्यू-कोडेल २०१२मध्ये ३.५ आवृत्तीत आली होती. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांच्या कोडेल पद्धतीवर ती आधारलेली आहे : पॅकेटांचा रांगेतला वेळ १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर ती पॅकेटे टाकू लागते आणि पाठवणाऱ्याला वेग कमी करायला भाग पाडते. एफक्यू-कोडेलला वेगमर्यादा स्वतः लावता येत नाही, तिच्यावर एचटीबीसारखे काही ठेवावे लागते. केकमध्ये मर्यादा आणि रांगेची शिस्त दोन्ही एकत्र आहेत.

जाणाऱ्या बाजूला केकला वेग, ‘नॅट’ आणि ‘ड्युअल-एसआरसीहोस्ट’ हे पर्याय द्यावेत. येणाऱ्या बाजूच्या आयएफबीवर वेग, ‘नॅट’, ‘ड्युअल-डीएसटीहोस्ट’ आणि ‘इन्ग्रेस’. ‘नॅट’मुळे केक जोडण्यांच्या तक्त्यात पाहून आतला खरा पत्ता शोधून काढते, आणि मग एका संगणकाने चाळीस जोडण्या उघडल्या तरी त्याला एका संगणकाचाच वाटा मिळतो. एवढ्याने बहुतेक कार्यालयांत प्रत्येकाला वेगळी मर्यादा देण्याची गरजच संपते, आणि मोकळ्या वेळी कोणालाही पूर्ण वेग वापरता येतो. ठरावीक मर्यादेपेक्षा हे कितीतरी न्याय्य आहे. अपलोड डाउनलोडच्या मानाने फारच कमी असेल तर ‘ॲक-फिल्टर’ही (अनावश्यक पोचा गाळणारा) लावावा. पीपीपीओईचे ८ बाइट आणि इतर शीर्षभाग हिशोबात यावेत म्हणून ‘ओव्हरहेड’ द्यावा. नेमका आकडा माहीत नसल्यास फायबरवर ४४ ठेवतात, कारण थोडा जास्त धरल्याने जे नुकसान होते ते कमी धरण्याच्या नुकसानापेक्षा नगण्य असते.

विंडोज यंत्रांबद्दल थोडक्यात. तेथील धोरणाधारित क्यूओएसमधील (वाहतुकीच्या प्राधान्याच्या सोयीतील) वेगमर्यादा केवळ जाणाऱ्या वाहतुकीला लागते, त्यामुळे डाउनलोड आवरण्यासाठी तिच्यावर विसंबू नये. अपडेटसाठी डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनच्या प्रगत पर्यायांत डाउनलोड आणि अपलोड या दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या देता येतात, आणि इतर संगणकांना अपडेट पुरवण्याची सोय तेथेच बंद करता येते.

बदल केल्यावर तपासणी

सुरुवातीची पिंग चाचणी त्याच क्रमाने पुन्हा करावी आणि चालू असताना केकची आकडेवारी पाहावी. भार असताना ‘बॅकलॉग’ (रांगेत थांबलेले) आणि ‘ड्रॉप्ड’ (टाकून दिलेले) हे आकडे हलत असतील तर रांग आपल्याकडे आली आहे. ते शून्यावर स्थिर असतील आणि पिंग मात्र वाढत असेल, तर रांग अजून मोडेममध्ये आहे; अशा वेळी मर्यादा पाच-पाच टक्क्यांनी खाली आणत जावी. पॅकेटे टाकली जात आहेत म्हणून घाबरू नये, भार असताना थोडी पॅकेटे टाकली जाणे हेच या व्यवस्थेचे काम आहे. यानंतर पीपीपी सत्र मुद्दाम तोडून पुन्हा जोडावे, यंत्र एकदा बंद करून चालू करावे, आणि दोन्ही वेळा क्यूडिसची यादी पाहावी. ही पायरी वगळल्यास तक्रार परत येण्याची वाट मोकळी राहते.

जोडणी फायबरऐवजी ४जी किंवा ५जी असेल, तर वरील कोणताही स्थिर आकडा फार काळ योग्य राहत नाही, कारण टॉवरवरील गर्दीनुसार खरा वेग तासागणिक बदलतो. सकाळी ४० एमबीपीएस मिळणाऱ्या ठिकाणी संध्याकाळी ८ मिळत असतील, तर ३५ची मर्यादा संध्याकाळी निरर्थक ठरते आणि ७ची मर्यादा सकाळी अन्यायकारक ठरते. अशा ठिकाणी ओपनडब्ल्यूआरटीवर केक-ऑटोरेट ही स्क्रिप्ट वापरावी. ती सतत पिंग मोजते, उशीर वाढला की केकची मर्यादा खाली आणते, आणि उशीर नसताना भार वाढला की ती वर नेते. तिला प्रत्येक दिशेसाठी किमान, मूळ आणि कमाल असे तीन वेग द्यावे लागतात. यांतील किमान वेग सर्वांत विचारपूर्वक ठरवावा : गर्दीच्या संध्याकाळी एक व्हिडिओ कॉल नीट चालण्याइतका तो असावा, त्याहून जास्त नसावा. या स्क्रिप्टमध्ये केबीपीएसचा अर्थ किलोबिट असाच आहे.